जहाजावरचे रात्रीचे जेवण, चार माणसे आणि एक इस्त्री

गेली ३१ वर्षे मी सोलापुरात गणवेश शिवण्याच्या धंद्यात आहे. शाळेतल्या मुलाने, दवाखान्यातल्या परिचारिकेने आणि बँकेच्या दारावरच्या रखवालदाराने काय घालावे हे ठरवून देणाऱ्या माणसाला स्वतः जहाजावर जेवायला बसताना काय घालावे हे कळू नये, ही गोष्ट हसण्यासारखी आहे हे मी आधीच मान्य करतो. गेल्या हिवाळ्यात मुलीने आम्हा चौघांसाठी, म्हणजे मी, सौ., माझे धाकटे साडू आणि मेहुणी यांच्यासाठी, मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझची तीन रात्रींची तिकिटे काढली. तिकिटांसोबत आलेल्या सूचनांत रात्रीच्या जेवणाच्या पोशाखासमोर एकच शब्द लिहिलेला होता, ‘कॅज्युअल’. त्या एका शब्दावर आमच्या घरात जेवढा खल झाला, तेवढा मुलीच्या लग्नाचा बस्ता काढतानाही झाला नव्हता.

खरी पंचाईत आमच्या कपाटात होती. आमच्याकडच्या बहुतेक कपाटांना दोनच कप्पे असतात. एकात घरात वापरायचे आणि दुसऱ्यात लग्नाकार्यात मिरवायचे. मधला जो काही कप्पा असतो तो नोकरी-धंद्याच्या कपड्यांचा, आणि सुट्टीला निघताना त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे साडूंनी ‘कॅज्युअल’चा अर्थ पहिल्या कप्प्यातून काढला आणि सौभाग्यवतींनी दुसऱ्या. “अण्णा, आपण सुट्टीवर चाललोय, बर्मुडा आणि टी-शर्ट, विषय संपला,” असे साडूंनी फोनवर जाहीर केले, तर इकडे पैठणी बॅगेत ठेवायची की नको यावर दोन दिवस विचार चालला होता.

मी धंदेवाईक सवयीने थोडी चौकशी केली. जगातल्या क्रूझ कंपन्यांचे या बाबतीत एकमत नाही. क्युनार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर संध्याकाळी ६ नंतर जहाजाच्या बहुतेक भागांत नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो आणि त्यांच्या ‘गाला’ संध्याकाळी पुरुष गडद सूट किंवा डिनर जॅकेट घालून येतात. कार्निव्हलच्या जहाजांवर बहुतेक रात्री कॅज्युअल असतात, फक्त लहान फेरीत एखादी आणि आठवड्याच्या फेरीत दोन रात्री थोड्या ठेवणीतल्या कपड्यांसाठी राखलेल्या असतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ या नावाखाली ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सूट या तिन्ही सक्त्या एकदमच सैल केल्या, आणि त्यानंतर इतरांनीही हळूहळू गाठी सोडल्या. दोन-तीन रात्रींच्या फेरीला निघालेल्या कुटुंबाने टाय किंवा ब्लेझर यांचा विचार करण्याचे कारणच नाही, एवढे यातून स्पष्ट झाले.

मात्र ‘कॅज्युअल’ला वरची मर्यादा नसली तरी खालची असते, आणि ती बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. पोहण्याचे कपडे, पुरुषांनी नुसते बिनबाह्यांचे बनियन, फाटकी जीन्स, रबरी सपाता आणि अनवाणी पाय हे मुख्य भोजनगृहात चालत नाहीत. नीटनेटक्या हाफ पँटबाबत कंपन्यांमध्ये मतभेद आहेत. काही चालवून घेतात, काही दारातच अडवतात, म्हणून तिकिटासोबतची सूचना शेवटपर्यंत वाचावी. कॉलरचा टी-शर्ट किंवा साधा शर्ट, पूर्ण पँट आणि बंद बूट किंवा चामडी सँडल असले की पुरुषाचे काम झाले. बायकांना सलवार-कमीज, कुर्ती, साडी, काहीही चालते आणि शोभते. वरच्या डेकवर तलावाशेजारी बुफे असतो, तिथे नियम आणखी सैल असतात. ओल्या कपड्यांनी खुर्चीवर बसू नये एवढी किमान अपेक्षा तिथे असते, आणि ज्यांना कपड्यांचा अजिबात विचार करायचा नाही त्यांनी खुशाल तिथेच जेवावे.

आम्ही सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो आणि तिथून टॅक्सीने काही मिनिटांत बॅलार्ड पिअर गाठले. पहिली चूक तिथेच झाली. जहाजावर मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि त्या तपासणीतून फिरून आपल्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत बऱ्याचदा संध्याकाळ होते. हे ठाऊक नसल्याने आमचे सगळे कपडे त्या बॅगांत होते. पहिल्या रात्री जेवायला गेलो ते रेल्वेच्या बर्थवर झोपून उठलेल्या शर्टातच. कोणी हटकले नाही, पण आजूबाजूच्या टेबलांवर नागपूरपासून सुरतेपर्यंतची जी कुटुंबे बसली होती ती सगळी अंघोळ करून, भांग पाडून, कपडे बदलून आलेली दिसत होती. त्यांच्यापैकी कोणीही भारी काही घातलेले नव्हते. दुपारी डेकवर पाहिलेला माणूस रात्री वेगळ्या कपड्यांत होता, एवढाच फरक. त्या रात्री मला ‘कॅज्युअल’चा अर्थ उमगला. कोणते कपडे हा प्रश्न दुय्यम असून, दिवसभराचे कपडे ताटापर्यंत आणू नका, एवढेच त्या शब्दाला म्हणायचे असते.

आणि ही कल्पना आपल्याला परकी नाही. माझ्या आजोळी आजोबा मुकटा नेसल्याशिवाय पाटावर बसत नसत. त्यामागच्या सोवळ्या-ओवळ्याचे समर्थन मी करणार नाही, पण जेवायला बसण्यापूर्वी अंगावरचे बदलायचे ही सवय त्यात होती. आमच्या सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते तेव्हा नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. तो गिरणीतला कामगार असो वा पेढीवरचा मालक, त्या दिवशी बाराबंदीच. प्रसंगासाठी पोशाख ठरलेला असणे यात आम्हाला कधी जाच वाटला नाही, आणि जहाजावर मात्र आम्ही ‘कॅज्युअल’ म्हणजे मोकाट असे समजून चाललो होतो.

दुसऱ्या रात्रीसाठी मी लिननचा शर्ट राखून ठेवला होता. मुलीने पुण्याहून आणलेला, फिकट निळा, तिच्या मते समुद्रावर हाच शोभतो. आता कापडाच्या धंद्यातल्या माणसाने लिनन घडी करून बॅगेत दाबावे, हा अपराध आहे. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाच्या खोडातून लिननचा धागा निघतो. तो मजबूत असतो, घाम शोषतो, अंगाला थंड लागतो, पण त्याला लवचीकपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे एकदा मोडला की तो तसाच राहतो. शर्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या पाठीवर घडीची फुली उमटलेली होती आणि बाह्या किराणा दुकानातल्या पुडीच्या कागदासारख्या झाल्या होत्या. सौ. शांतपणे म्हणाल्या, “अहो, काळजी कशाला करता, मी इस्त्री आणली आहे.” आणि त्यांनी बॅग उघडली. बॅगेत इस्त्रीऐवजी एक छापील चिठ्ठी होती.

जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची असते, त्यामुळे तापणाऱ्या वस्तू, म्हणजे इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, विजेची किटली, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. अनेक कंपन्या एक्स्टेन्शन बोर्डही काढून घेतात. बॅगांच्या तपासणीत ती वस्तू बाजूला ठेवली जाते आणि उतरताना परत मिळते. काही मोठ्या जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते आणि इस्त्री तिथेच ठेवलेली असते, पण सगळीकडे नाही. आमच्या जहाजावर पैसे देऊन कपडे इस्त्रीला टाकता येत होते, मात्र ते दुसऱ्या दिवशी मिळणार होते. मग शर्ट न्हाणीघरात हँगरला लावून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटे सोडून ठेवण्याचा जो उपाय सगळे सांगतात तो केला. वाफेने सुती कापड थोडे सैलावते हे खरे, पण लिननने आमचे ऐकले नाही. शेवटी तो शर्ट तसाच घालून गेलो, आणि इतर वेळी दुसऱ्याच्या कॉलरचे टोक वाकडे दिसले तरी बेचैन होणारा मी, रात्रभर पाठ खुर्चीला टेकवून बसलो.

साडूंची कथा याच संध्याकाळची. ते ठरल्याप्रमाणे बर्मुडा घालून आले. दाराशी उभा असलेला वाढपी सावंतवाडीकडचा निघाला. त्याने अतिशय मऊ आवाजात, “काका, खाली पूर्ण पँट असती तर बरे झाले असते,” असे सांगितले. साडू चार मजले खाली जाऊन पँट चढवून परत आले तोपर्यंत त्यांचे सूप निवले होते. मला मात्र त्या वाढप्याचा वेस्टकोट पाहण्याची संधी मिळाली. काळा पॉलिस्टर-व्हिस्कोस, खिशाच्या पट्टीला दुहेरी शिलाई, काखेत जादा कापड सोडलेले, म्हणजे हात वर करून थाळी धरली तरी पाठीत ओढ बसू नये. शिवणाऱ्याने वाढणाऱ्याच्या हालचालीचा विचार केला होता. दिवसाचे किती तास हे घालतोस, असे विचारल्यावर तो नुसता हसला, पण एवढा वेळ अंगावर असूनही त्या कापडावर एक सुरकुती नव्हती.

माझे उत्तर तिथे, माझ्याच धंद्यात होते. शाळेच्या शर्टासाठी आपण जे टेरिकॉट वापरतो, त्यात सर्रास ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सुती धागा असतो. मुलगा दिवसभर मैदानात लोळून आला तरी ते झटकले की सरळ होते. उन्हाळ्यात ते अंगाला उबते हा त्याचा दोष, म्हणून सोलापूरच्या ४२-४३ अंशांत मी स्वतः ते कधी घालत नाही. पण जहाजाचे भोजनगृह वातानुकूलित, आणि तेही इतके की दुसऱ्याच रात्री सौ. आणि मेहुणी दोघी पदर खांद्यावरून घट्ट ओढून बसल्या होत्या. समुद्र म्हणजे उकाडा असे धरून आम्ही सगळे पातळ कपडे घेऊन गेलो होतो. चादरींच्या गावची चार माणसे एका शालीसाठी हळहळत होती, यावर साडूंनी जो विनोद केला तो तीन दिवस पुरला. जेवणासाठी शाल, स्टोल किंवा बिनबाह्यांचे स्वेटर अवश्य ठेवावे, पुरुषांनीसुद्धा.

तिसऱ्या रात्री मी दुकानात बसताना घालतो तीच राखाडी पँट आणि पांढरा मिश्र कापडाचा शर्ट घातला. ही जोडी मी केवळ परतीच्या प्रवासासाठी घेतली होती. सौ. यांनी पैठणी शेवटी घरीच ठेवली होती, आणि ते योग्यच झाले, कारण जरीचा जड पदर, डुलणारी जमीन आणि पातळ रस्सा हे तिन्ही एका टेबलावर आणू नयेत. त्यांनी सुती-रेशमी इरकल नेसली. हिरवा अंगभर रंग, लाल काठ, आणि पदराची ती ओळखीची लाल-पांढरी नक्षी. ती चुरगळत नाही असे नाही, पण नेसताना चुण्या हाताने दाबल्या की बसते, आणि तिच्या काठामुळे ती साधी असूनही ठेवणीतली वाटते. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या दोन बाई ती पाहायला उठून आल्या. साडीबाबत दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. निऱ्या नेहमीपेक्षा बोटभर वर घ्याव्यात, कारण जहाजाचे जिने अरुंद असतात आणि पायाखाली हलके हेलकावे असतात. आणि जेवणानंतर डेकवर जायचे असेल तर पदराला दोन पिना लावाव्यात. जहाज १८ नॉटने चालत असेल तर तो वेग ताशी ३३ किलोमीटर होतो. म्हणजे पानही हलत नसलेल्या रात्रीसुद्धा उघड्या डेकवर तेवढा वारा समोरून येतच असतो. मेहुणीचा पदर पहिल्या रात्री एका अनोळखी गृहस्थांच्या चेहऱ्यावर गेला होता.

पायातल्याबद्दल थोडक्यात. उंच टाचा नकोत. कोल्हापुरी चप्पल भोजनगृहात छान दिसते, पण तिचा चामडी तळ ओल्या डेकवर साबणासारखा घसरतो, म्हणून ती जेवणापुरतीच ठेवावी आणि बाहेर जाताना रबरी तळाचे काहीतरी घालावे.

येत्या मोसमात कोणी जाणार असेल तर माझे मत असे की तीन रात्रींना एक गडद पँट आणि दोन न चुरगळणारे शर्ट पुरतात. पँट तीच आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, माझ्या बाबतीत तर नक्कीच कोणाच्या आले नाही. पहिल्या रात्रीचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. नवी पेठेतून मुद्दाम काही नवे घ्यायची गरज नाही, घ्यायचेच असेल तर हाताच्या मुठीत कापड दहा सेकंद आवळून सोडावे आणि ते काय करते ते पाहावे. दुकानदार रागावत नाहीत, मी तरी रागावत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरण्यापूर्वी जमा वस्तू परत घेण्याच्या खिडकीशी गेलो, तर तिथे आधीच रांग होती. माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकूंच्या हातात आमच्यासारखीच छापील चिठ्ठी होती. “इस्त्री?” असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “दोन.”