तुम्ही विचारलंत म्हणून: फायरवॉल कुठला टाकू?

मी छोट्या दुकानदारांची टॅलीची कामं करते, त्यामुळे सोसायटीत मी 'कॉम्प्युटरवाल्या ताई'. जिन्यात, भाजीच्या गाडीवर, एकदा तर हळदीकुंकवाचं वाण हातात घेता घेता मला हा प्रश्न विचारला गेलाय: "ताई, घरच्या कॉम्प्युटरवर फायरवॉल कुठला टाकू? विकतचा घ्यावा का?" विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, केमिस्टकडे गोळीचं नाव मागावं तसं. नाव सांगून मोकळं होता येईल, पण मग दोन महिन्यांनी "ताई, प्रिंटर चालत नाही" म्हणून तुम्हीच दारात उभे राहता. म्हणून जरा सविस्तर सांगते. फायरवॉल म्हणजे नेटवरून कॉम्प्युटरकडे न बोलावता येणारं अडवणारा प्रोग्राम.

फायरवॉल हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो ऑगस्ट २००३ मध्ये, डोंबिवलीत. गणपती जवळ आले होते. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट केबलवाल्याचं, म्हणजे टीव्हीची केबल देणाराच ते द्यायचा. गच्चीगच्चीवरून निळी वायर ओढलेली, पाण्याच्या टाकीखाली प्लॅस्टिकच्या डब्यात एक स्विच, डबा पावसात भिजू नये म्हणून त्यावर दुधाची पिशवी बांधलेली, आणि तिथून खाली घराघरात एकेक वायर. या थाटामुळे चार बिल्डिंगा मिळून एकच जाळं झालं होतं. 'माय नेटवर्क प्लेसेस' उघडलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कॉम्प्युटर ओळीने दिसायचे. कुणीतरी मुंजीच्या फोटोंचा अख्खा फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवला होता. आमंत्रण नसताना आम्ही ती मुंज मातृभोजनापासून भिक्षावळीपर्यंत पाहून घेतली.

तर एका संध्याकाळी मी कुणाच्या तरी खतावणीच्या नोंदी घालत बसले होते आणि पडद्यावर एक करडी चौकट आली: सिस्टम बंद होत आहे, काम सेव्ह करा. खाली सेकंद उलटे मोजले जात होते, साठपासून. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, नेट जोडलं, थोड्या वेळात पुन्हा तीच चौकट. रात्री लाइट गेल्यावर जमतात तसे सगळे जिन्यात जमले. "तुमचा पण?" "आमचा पण." पहिला संशय अर्थातच केबलवाल्यावर. त्या बिचाऱ्याने डबा उघडून स्विच दोनदा बंद-चालू केला.

तो होता ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपणहून पसरणारा प्रोग्राम. विंडोज एक्सपी आणि २००० मध्ये आरपीसी नावाची एक सेवा १३५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या नंबरच्या दारावर, कान लावून बसलेली असायची आणि तिच्यात एक भोक होतं. मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारी दुरुस्ती, दिला होता, पण डायलअपच्या, म्हणजे फोनच्या तारेवरच्या नेटच्या, सवयीतून आलेल्या आमच्यापैकी कुणी तो घेतलेला नव्हता. या वर्मला तुम्ही मेल उघडायची किंवा कुठे क्लिक करायची गरजच नव्हती. मशीन चालू आहे आणि वायर जोडलेली आहे, एवढं त्याला पुरे. आणि आमच्या चार बिल्डिंगांत सगळ्यांच्या वायरी एकाच डब्यात!

उपाय मला एका ग्राहकाच्या भाच्याने फोनवर सांगितला. आधी वायर काढा. मग नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, 'ॲडव्हान्स्ड' टॅब उघडा, तिथे एक रिकामा चौकोन आहे, त्यात टिक करा. आता वायर लावा आणि पॅच उतरवून घ्या. मी टिक केली आणि चौकट आलीच नाही. मी अर्धा तास नुसती पडद्याकडे बघत बसले होते, दूध उतू जायची वाट बघावी तशी. तो चौकोन म्हणजे एक्सपीचा स्वतःचा फायरवॉल. २००१ मध्ये एक्सपी बाजारात आला तेव्हापासून तो आत होता, फक्त मुळातून बंद. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने तो आपणहून चालू केला. त्या एका टिकेने जगभरात किती घरांचा ताप वाचला असेल!

तेव्हापासून माझं मत असं बनलंय की फायरवॉलचं खरं काम हे असं, मुकाट्याने होणारं. सगळे त्याला वॉचमनची उपमा देतात. मला ती पटत नाही. वॉचमन चेहरे ओळखतो, पेपरवाल्याला सोडतो, नव्या माणसाला हटकतो. साध्या फायरवॉलला चेहऱ्यांचं काही नाही. हे बोलणं आतून कुणी सुरू केलं की बाहेरून आपणहून आलं, एवढंच तो बघतो. आतून सुरू झालं असेल तर उत्तराला वाट देतो. बाहेरून न बोलावता आलं तर टाकून देतो, 'नाही' सुद्धा म्हणत नाही.

पण माणसाला मुकाट काम करणाऱ्याची किंमत नसते. ब्लास्टरनंतर नवऱ्याने झोनअलार्म नावाचा वेगळा फायरवॉल टाकला. त्या काळात घरोघरी तो असायचा, फुकट मिळायचा. तो मात्र बोलका. किती घुसखोरीचे प्रयत्न अडवले याचा आकडाच दाखवायचा. नवरा ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी तो आकडा बघायचा आणि जेवताना मला सांगायचा. एकदा मी त्या नोंदी नीट उघडून पाहिल्या. बहुतेक सगळ्या १३७ क्रमांकाच्या पोर्टवरच्या, आणि पत्ते आमच्याच जाळ्यातले. विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांना 'तुझं नाव काय, माझं नाव हे' असं अधूनमधून ओरडून विचारतात, तो हा प्रकार. म्हणजे आमच्यावरचे निम्मे हल्ले वरच्या मजल्यावरच्या मुंजवाल्यांच्या कॉम्प्युटरने केले होते.

झोनअलार्म दुसरंही एक करायचा. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामबद्दल विचारायचा. 'जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस' इंटरनेटवर जाऊ इच्छितो, जाऊ देऊ का? हे नाव वाचून कुणाला वाटेल की हा घरचा आहे? मी 'नाही' म्हटलं आणि घरातलं नेटच बंद पडलं. तो विंडोजचाच भाग होता, पत्ते शोधून आणणारा. त्या दिवसानंतर आम्ही दोघंही प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून 'हो' म्हणायला लागलो. आता सांगा, ज्या फायरवॉलला प्रत्येक वेळी 'हो' म्हणायचं तो काय कामाचा?

विकतचा घ्यावा का, याचं माझं उत्तर इथून येतं. विंडोजचा स्वतःचा आता पुरेसा चांगला आहे. बाहेरून न बोलावता येणारं सगळं तो मुळातच अडवतो, आतून जाणाऱ्याला सोडतो. अँटीव्हायरसच्या सूटबरोबर, म्हणजे विकतच्या संचाबरोबर, फायरवॉल आलाच असेल तर तो विंडोजच्या जागी पहाऱ्यावर बसतो. हरकत नाही, पण वर्षाची मुदत संपली की 'विंडोज सिक्युरिटी' उघडून आता पहाऱ्यावर कोण आहे ते बघा. मुदत संपलेल्या सूटची लाल चौकट महिनोन् महिने कोपऱ्यात ढकलून काम करणारी घरं मी रोज पाहते.

बसवायला फारसं काही नाही. मी कुणाच्या घरी बसले की आधी नेटवर्क 'पब्लिक' आहे की 'प्रायव्हेट' ते बघते. घरात एकच कॉम्प्युटर असेल आणि फाइली वाटून घ्यायच्या नसतील, तर घरीसुद्धा 'पब्लिक'च ठेवा. नावाला घाबरू नका. 'पब्लिक' म्हणजे तुम्ही सगळ्यांना उघडे असं नाही, उलट 'भोवती परकी माणसं आहेत, जपून राहा' असं.

मग परवानगी दिलेल्या ॲपची यादी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. एका घरात मुलाचा गेम दुसऱ्या लॅपटॉपवरून काही केल्या जोडला जाईना. यादीत गेमसमोर टिक होती. आई म्हणाली, "मी तर फायरवॉल बंद करून टाकणार होते." प्रगत सेटिंगमध्ये इनबाउंड, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्यांचे, नियम उघडले तर त्याच गेमच्या नावाचे आणखी दोन नियम निघाले, लाल खुणेचे. झालं होतं असं की पहिल्यांदा गेम सुरू करताना विंडोजने विचारलं, परवानगी देऊ का? मुलाने घाईत 'कॅन्सल' दाबलं. आपल्याला वाटतं कॅन्सल म्हणजे 'नंतर बघू'. विंडोज त्याचा अर्थ 'नको' असा घेतो आणि अडवण्याचे दोन नियम लिहून ठेवतो, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा, या नेटवर बोलायच्या दोन पद्धती. आणि अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर नेहमी मात करतो. नंतर कितीही टिका करा, उपयोग शून्य. ते दोन लाल नियम काढले आणि गेम जोडला गेला. फायरवॉल बंद करावासा वाटला की आधी ही लाल खूण शोधा.

आता पारख. वेबवर तुमचे पोर्ट बाहेरून तपासून देणाऱ्या जागा आहेत. लोक तिथला हिरवा निकाल मला व्हॉट्सॲपवर पाठवतात: "ताई, सगळं बंद, फायरवॉल एकदम फर्स्टक्लास." अहो, ती तपासणी तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचलीच नाही. ती राउटरवर, म्हणजे घरातल्या वायफायच्या डब्यावर, आपटली, किंवा एकाच पत्त्यामागे शेकडो घरं ठेवणारी इंटरनेट कंपनी असेल तर कंपनीच्या यंत्रावर. तुमचा फायरवॉल बंद असता तरी निकाल हिरवाच आला असता. खरी पारख घरातूनच होते. दुसऱ्या लॅपटॉपवरून त्याच वायफायवर या कॉम्प्युटरच्या पत्त्यावर ४४५ क्रमांकाचा पोर्ट ठोठावून बघा. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत त्याची एक ओळीची कमांड आहे. उत्तर न येणं हे चांगलं उत्तर. हाच पोर्ट का? २००४ चा सॅसर नावाचा वर्म याच वाटेने आला आणि १२ मे २०१७ चा वॉनाक्राय हा वर्मसुद्धा. वॉनाक्रायचा पॅच त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच आलेला होता. जुलै आणि ऑगस्ट २००३ चीच गोष्ट पुन्हा. विंडोज १० वर असाल तर त्याला नेहमीचे मोफत पॅच मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलंय. पॅच येत नसतील तर फायरवॉलवर नको तेवढा भार टाकताय.

राउटरबद्दल थोडक्यात: त्याचा मूळ पासवर्ड बदला आणि यूपीएनपी नावाची सोय बंद करा, म्हणजे घरातली कुठलीही वस्तू तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडणार नाही. आणि घरी आयपीव्ही६, म्हणजे नेटवरचे पत्ते देण्याची नवी पद्धत, असेल तर प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा जगजाहीर पत्ता मिळतो. अशा वेळी राउटरचा आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना ते बघाच.

एका प्रश्नाला मात्र फायरवॉल कामाचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, पडदा दाखवणारं ॲप घ्यायला सांगतात, आपण घेतो, त्यांना नंबर वाचून दाखवतो. आमच्या मागच्या विंगमधल्या काकांचं हे झालं. त्यांनी मला विचारलं, "मग तुझा फायरवॉल काय करत होता?" काका, बोलणं आतून सुरू झालं होतं. तुम्हीच सुरू केलं होतंत.

परवा आमच्याच कॉम्प्युटरवर मी अडवलेल्या पॅकेटांची, म्हणजे नेटवरून येणाऱ्या माहितीच्या पुडक्यांची, नोंद चालू केली. मुळात ती बंद असते. रात्री फाइल उघडली तर 'ड्रॉप', 'ड्रॉप', 'ड्रॉप', पानभर. नवरा चष्मा लावून खांद्यावरून वाकला, जुना उत्साह. पोर्ट १९००, आणि पाठवणारा पत्ता आमच्याच वायफायवरचा. शोधलं तर निघाला हॉलमधला टीव्ही, घरात आणखी कोण कोण आहे ते दर थोड्या वेळाने ओरडून विचारणारा.