तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेंटिलेटरवरच्या माणसाला विमानात त्रास नाही का होत?

लग्नकार्यात कुणाला कळलं की मी एअर ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे, की पुढचा प्रश्न ठरलेला, आधीच एवढा सिरीयस माणूस, त्याला इतक्या वर नेता, त्रास नाही का होत? होऊ शकतो, म्हणून तर सगळी तयारी खाली जमिनीवर करायची असते.

आमचं विमान किंग एअर बी-200, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. दार जेमतेम सव्वादोन फूट रुंद, स्ट्रेचर तिरकं करून आत घेताना एकही नळी ओढली जाता कामा नये. आत दोन पायलट, मी आणि आमचे ब्रदर. केबिनमध्ये प्रेशर असतं पण जमिनीइतकं नाही, विमान खूप उंच गेलं की आतली हवा सहा-आठ हजार फुटांवरच्यासारखी विरळ होते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही विरळ. ऑक्सिजन वाढवता येतो हो, खरी भीती असते शरीरात कोंडलेल्या हवेची. 8,000 फुटांवर ती एक तृतीयांशाने फुगते. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर आधी छातीत नळी घालायची, मगच निघायचं. श्वासनलिकेतल्या ट्यूबला टोकाशी हवेचा छोटा फुगा असतो, कफ म्हणतो आम्ही, तो वर जाऊन फुगला तर आतून श्वासनलिका दाबतो, म्हणून चढताना थोडी हवा काढायची आणि उतरताना परत भरायची. इंजिनांच्या आवाजात स्टेथोस्कोपने धड काही ऐकू येत नाही, मग मॉनिटरवर नजर आणि छातीवर हात ठेवून श्वास बघत बसायचं.

हे सगळं नातेवाइकांना कसं दिसणार? त्यांना दिसतं की विमान उभं आहे आणि डॉक्टर अजून आयसीयूतच आहे. एका पावसाळ्यात डोक्याला मार लागलेला पेशंट होता, सीटीमध्ये कवटीच्या आत हवा दिसत होती. त्याची बायको दाराशी उभी राहून सारखी म्हणत होती, ताई, लवकर न्या ना हो. छोट्या धावपट्टीवर रात्रीची सोय नव्हती, अंधाराच्या आत निघायलाच हवं होतं, तरी मी थांबले, सीटी पुन्हा बघितला, कॅप्टनना फोन केला आणि म्हटलं केबिनमधलं प्रेशर जमिनीइतकंच ठेवा. तसं ते विमान साधारण 15,000 फुटांच्या वर गेलं नाही तरच ठेवता येतं, म्हणजे खालूनच, ढगांतून हादरे खात जायचं आणि इंधनही जास्त लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, पेशंटला हादरे चालतील ना? मग हिशोब परत केला आणि जादा इंधन घेतलं.

त्या बाईंना मी अर्धा मिनिट थांबून सांगितलं, उशीर का होतोय ते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नवऱ्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि आम्हाला वाट दिली.