अर्धा फोटो राखाडी का होतो? गेरनंतरचं कार्ड आणि पहिला तास

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे सरकली की इंदुरातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. कुणाचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावताच ‘फॉरमॅट करा’ म्हणतं, कुणाचे फोटो उघडतात पण खालचा अर्धा भाग राखाडी, कुणाच्या कॅमेऱ्यावर नुसतंच ‘कार्ड एरर’. या सगळ्याला आपण सरसकट ‘कार्ड करप्ट झालं’ म्हणतो आणि तिथेच फसतो. आजार वेगवेगळे आहेत, आणि घाईत केलेला उपाय बहुतेक वेळा मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान करतो.

म्हणून पहिल्या तासात एकच काम: त्या कार्डावर काहीही नवीन लिहिलं जाऊ द्यायचं नाही. फोटो डिलीट झाला किंवा कॅमेऱ्यात साधं फॉरमॅट झालं, तरी बहुधा फक्त यादी पुसली जाते. कार्डावरच्या यादीत फोटोच्या नावाची नोंद ‘खोडली’ म्हणून खूण होते आणि त्याची जागा रिकामी समजली जाते. फोटोचा मजकूर तिथेच पडून असतो. पुढचा फोटो काढलात की तो नेमका त्याच जागेवर बसू शकतो, आणि मग जुना कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. (काही कॅमेरे आणि फॉरमॅटची काही खास सेटिंग्ज मजकूरही पुसतात, तिथे मात्र आशा कमी.)

कार्ड काढा आणि कडेची छोटी लॉकची पट्टी खाली सरकवा. ही पट्टी म्हणजे नुसतं प्लास्टिक आहे, आतल्या चिपला तिचा पत्ता नसतो. तिचा मान राखायचा की नाही हे रीडर (कार्ड कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) ठरवतो. तरीही लावा, कारण विंडोज कार्ड पाहताक्षणी स्वतःचं एक लपलेलं फोल्डर त्यावर बनवून ठेवतं. मायक्रोएसडीला पट्टी नसते, तिच्या अ‍ॅडॅप्टरला असते. ‘स्कॅन करून दुरुस्त करा’ अशी चौकट आली तर रद्द करा. विंडोजची चेकडिस्क यादीचा मेळ बसवते, फोटोंचा नाही. मेळ बसवताना ती फायलींचे तुकडे तोडून ‘सीएचके’ नावाच्या फायलींत टाकते, आणि मग ते जुळवत बसणं आपल्या नशिबी येतं.

आता निदान. कार्ड परत कॅमेऱ्यात घाला, बिघडलेला फोटो उघडा आणि पूर्ण झूम करून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जा. झूम न करता जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक फोटोच्या पोटात एक छोटी प्रतिमा वेगळी ठेवलेली असते, पडद्यावर आधी तीच येते, आणि मूळ फोटो फाटलेला असला तरी ती ठणठणीत असू शकते. जेपीजी फोटोचा कोपरा झूम केल्यावरही स्वच्छ दिसला तर कार्ड बहुधा निर्दोष आहे. दोष रीडरचा, यूएसबी हबचा नाहीतर केबलचा. रीडर बदला, हब काढून सरळ कॉम्प्युटरला जोडा. खात्री करायची तर तेच फोल्डर दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. दर वेळी वेगळेच फोटो फाटत असतील तर गडबड वाटेत आहे, कधीकधी कॉम्प्युटरच्या रॅममध्येही. दोन्ही वेळा तोच फोटो त्याच ठिकाणी फाटत असेल तर खराबी कार्डावरच आहे.

फाटलेला फोटो नीट पाहिला तर तो बरंच सांगतो. जेपीजी फोटो वरून खाली, डावीकडून उजवीकडे छोट्या चौकोनांत लिहिलेला असतो. प्रत्येक चौकोनाचा रंग ‘आधीच्यापेक्षा इतका कमी, इतका जास्त’ अशा फरकाने नोंदवलेला असतो, आणि त्या नोंदींना ठरावीक लांबी नसते. मध्येच एखादा बिट चुकला की पुढच्या नोंदी कुठे सुरू होतात हेच प्रोग्रामला कळत नाही. गेरच्या फोटोत वर राजवाड्याची लाकडी सज्जे स्वच्छ दिसतात, मधल्या एका आडव्या रेषेपासून खाली सगळी गर्दी उजवीकडे सरकलेली आणि हिरवी-जांभळी. हा चुकलेल्या बिटचा फोटो. खालचा भाग सपाट राखाडी असेल तर तिथला मजकूर आलेलाच नाही: लिहिताना वीज तुटली, किंवा कॉपी अर्धवट झाली. आणि निम्म्यावरून खाली भलताच फोटो सुरू होत असेल, तर त्या जागेवर दुसरी फाईल बसली आहे, नाहीतर यादीतला दुवा चुकला आहे. दुवा चुकला असेल तर मूळ फोटो कार्डावर दुसरीकडे शाबूत सापडू शकतो. रंग घसरलेल्या फोटोत मात्र हरवलेली माहिती कुठून आणणार? ‘एका क्लिकमध्ये दुरुस्ती’ विकणारी सॉफ्टवेअर त्यासाठी विकत घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खराबी कार्डावर आहे असं ठरलं की सरळ रिकव्हरी सुरू करायची नाही. आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, हार्डडिस्कवर घ्यायची. मरायला टेकलेलं कार्ड प्रत्येक वाचनात आणखी थकतं. एकदाच नीट वाचून घेतलं की पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करता येतात. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर पुरतो, पण वाचताना अडखळणाऱ्या कार्डाला लिनक्स किंवा मॅकवरचं डीडीरेस्क्यूच हवं. ते अडलेली जागा सोडून पुढे जातं, चांगला भाग आधी उचलतं आणि मग खराब जागांकडे वळतं. कुठवर आलो याची नोंदही वेगळ्या फायलीत ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला ९० एमबीने वाचलं तर बारा मिनिटांत होतं. जुन्या यूएसबी २ रीडरवर ३० एमबी मिळाले तर पस्तीस मिनिटं. तासन्‌तास लागत असतील तर कार्ड खरोखर आजारी आहे.

त्या इमेजवर फोटोरेक हे हरवलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे, आणि कार्डाची यादी कितीही बिघडलेली असो, ते यादीकडे बघतच नाही. जेपीजीची सुरुवात ओळखून पुढचा मजकूर उचलतं. फाईल सिस्टिम विचारली की ‘अदर’ निवडा. नुसते डिलीट झालेले फोटो हवेत तर ‘फ्री’, कार्डाची यादीच गेली असेल तर ‘होल’. सापडलेले फोटो कधीही त्याच कार्डावर ठेवायचे नाहीत. मूळ नावं जातात, पण फोटोच्या आतली तारीख-वेळ शाबूत असते, तिच्यावर क्रम लावता येतो. व्हिडिओ असे क्वचितच अखंड येतात, कारण कॅमेरा ते तुकड्यातुकड्यांत लिहितो. वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या व्हिडिओला शेवटची अनुक्रमणिका नसते. त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगचा एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला तर अनट्रंक नावाचं साधन ती पुन्हा बांधू शकतं.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाईल, काढणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. रॉ फाईल फाटली तरी तिच्यातला तयार जेपीजी एक्झिफटूल या प्रोग्रामने बाहेर काढता येतो. निकॉनच्या एनईएफ आणि कॅननच्या सीआर२ या रॉ फायलींत तो बहुधा पूर्ण आकाराचा असतो. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत १६१६ बाय १०८० एवढाच. अल्बमच्या पानाला तोही चालून जातो.

आता गुलालाबद्दल. साध्या एसडी कार्डाच्या मागे नऊ सोनेरी पट्ट्या असतात, छोट्या कप्प्यांत बसवलेल्या. कोरडा गुलाल तिथे बसला तर संपर्क अधूनमधून तुटतो. गेरमध्ये रंग उडवणाऱ्या टँकरचं पाणी लागून त्याचा चिखल झाला तर शेजारच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. ‘कार्ड एरर’ येते-जाते असं होत असेल तर आधी इथे बघा. बॅटरी काढा. कॅमेरा स्लॉट खाली करून धरा आणि रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. कार्डाच्या पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबर घासायची सवय सोडा, त्याने सोन्याचा मुलामा जातो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. स्लॉटच्या आतल्या पिना कधी कोरायच्या नाहीत. एखादी पिन बाकीच्यांच्या रांगेत दिसत नसेल तर कॅमेरा दुरुस्तीलाच द्या.

गर्दीतली दुसरी मोठी चूक लाल दिव्याची: कार्डावर लिखाण चालू असताना तो जळतो, आणि तेवढ्यात बॅटरी किंवा कार्ड ओढलं जातं. २४ मेगापिक्सेलचा रॉ फोटो साधारण २५ ते ३० एमबीचा. वीस फोटोंचा बर्स्ट (एकामागोमाग झटपट काढलेले फोटो) मारला की ५००-६०० एमबी झाले, आणि कार्ड खरोखर ३० एमबीने लिहीत असेल तर ते उतरायला वीस सेकंद लागतात. तेवढा वेळ दिवा जळतो. बटण बंद केलं तरी बहुतेक कॅमेरे लिखाण संपवूनच झोपतात. बॅटरी ओढली तर नाही. व्ही३०, व्ही६०, व्ही९० हे शिक्के किमान लिहिण्याच्या वेगाचे आहेत. लेबलावरचा मोठा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, त्याला भुलू नका.

नवीन कार्ड घेतलं की कार्यक्रमाला नेण्याआधी ते पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड स्वतःला १२८ जीबी म्हणवतं, आत चिप त्याच्या पासंगालाही पुरत नाही. सुरुवातीचे फोटो ठीक राहतात आणि नंतरचे हवेत जातात. तपासायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ हे प्रोग्राम. १२८ जीबी ३० एमबीने भरायला सत्तर मिनिटं आणि वर वाचून पडताळायचा वेळ. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रात्रभर चालतात. तिथे पहाटे हे कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

इमेज घेताना ज्या कार्डात वाचता न येणाऱ्या जागा निघाल्या, ते फॉरमॅटनंतर सुरळीत चाललं तरी पुन्हा कामावर नेऊ नका. त्यावर स्टिकर लावू नका, सोलवटून स्लॉटमध्ये अडकतं. तेलकट शाईच्या पेनने लाल फुली मारा आणि गिऱ्हाइकाने फोटो हातात घेईपर्यंत कपाटात ठेवा.