आमची वाटचाल : एका पानाचा करार आणि सात तऱ्हेचे बँड

२०१०च्या डिसेंबरात पुण्यात कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला. घरी परतताना धाकटा भाऊ आणि मी एकच गोष्ट घोळवत होतो. एवढे बँड स्वतःची गाणी वाजवतात, पण ती उद्या पुन्हा ऐकाविशी वाटली तर मिळणार कुठे? पुढच्या वर्षी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत आमचं लेबल, म्हणजे बँडची गाणी रेकॉर्ड करून विकणारी छोटी कंपनी, सुरू झालं. भाऊ ड्रम वाजवायचा. मी नोकरी सांभाळून हिशेब बघायचे.

करार आम्ही एका पानात, मराठीत लिहिला. रेकॉर्डिंगची मालकी बँडचीच, आम्हाला पाच वर्षं ते विकायचा हक्क, आणि खर्च वजा जाता उरेल ते निम्मं-निम्मं. मँचेस्टरला १९७८ साली निघालेल्या फॅक्टरी रेकॉर्ड्सची वाटणी अशीच होती. ते लेबल १९९२ साली बुडालं, हेही आम्ही वाचलं होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक बँडला हिशेबाचा कागद जातो, वाटायला रुपया नसला तरी.

पहिला अल्बम मेटलचा. तो करताना जे शिकलो तेच दुसऱ्या बँडवर लादलं, ही आमची सर्वांत मोठी चूक. दुसरा बँड गायकाशिवायचा. त्यांच्या गाण्यात चार-चार मिनिटं एकच गिटार हळूहळू चढत जाते. मास्टरिंगला, म्हणजे गाण्यांवर शेवटचा हात फिरवताना, आम्ही लिमिटर (मोठा आवाज दाबून धरणारं साधन) दाबून सगळं सारख्याच जोरात आणलं. बँडने ऐकलं आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. हळू भाग उरलाच नव्हता, मग चढणार कुठून? आमच्या खर्चाने सगळं पुन्हा केलं. स्ट्रीमिंगवर जोरात केलेली गाणी आपोआप खाली आणली जातात, स्पॉटिफायवर साधारण उणे १४ लफ्सला (लफ्स हे आवाजाचा जोर मोजायचं एकक). म्हणजे तो जोर तिथे फुकटच गेला असता. तेव्हापासून मिक्सिंगआधी, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवण्याआधी, बँडबरोबर बसून एकच प्रश्न विचारतो : तुमच्या गाण्यात शांत जागा कुठली?

कोल्हापूरच्या एका बँडच्या मुलांनी त्याचं उत्तर हलगी तापवून दिलं. ड्रम किटच्या जोडीला त्यांना हलगी हवी होती. ऐन जुलैत दमट हवेने कातडं सैल पडायचं, आवाज बसायचा. मग पार्किंगच्या कोपऱ्यात रद्दी पेटवून हलगी शेकायची, जिन्याने धावत वर यायचं आणि ती थंड व्हायच्या आत टेक, म्हणजे एका दमातलं रेकॉर्डिंग, घ्यायचा. एका गाण्याला एकवीस टेक झाले. दोन टेकच्या मधली ती शांतता, त्यात वादकाच्या बोटाचा कातड्यावरचा एक हलका टिचका, आम्ही तशीच ठेवली. माझ्या मते आमच्या सगळ्या कामातली ती सर्वांत चांगली तीन सेकंदं आहेत.

आज सात बँड आहेत. ब्लूज वाजवणारं एक त्रिकूट, मराठी पंक गाणाऱ्या चार मुली, मडगावचा एक जुना हार्ड रॉक बँड, वगैरे. ‘तुमच्या लेबलचा साउंड कोणता?’ असं लोक विचारतात. एकच साउंड असावा असं आम्हाला कधी वाटलं नाही.

विक्रीचं थोडक्यात सांगते. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून सीडीला गिगच्या, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाच्या, दारातलं टेबल उरलं. बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बममागे १५ टक्के आणि वर पैसे भरण्याचं शुल्क जातं, बाकीचे हाती येतात. टी-शर्ट सीडीपेक्षा जास्त खपतात. नोकरी मी २०१९ मध्ये सोडली.

आता गायकाशिवायच्या त्याच बँडची एलपी, म्हणजे मोठी ग्रामोफोन तबकडी, काढतोय. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण बावीस मिनिटं चांगली बसतात. त्यापुढे खाचा दाटीने काढाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. अल्बम एकावन्न मिनिटांचा आहे. कुठलं गाणं गाळायचं यावर बँडमध्ये दोन तट पडलेत, आणि तबकड्या छापायची ऑर्डर तेवढ्यासाठी थांबवून ठेवली आहे.