मेथी आणि मिलगार्ड
आज सुट्टी, म्हटलं दोन जुड्या मेथी निवडून ठेवू आठवड्याची. कानात पॉडकास्ट लावला, डेव्हिड मिलगार्डची केस. सात वर्षं झाली कॅनडात येऊन पण हे नाव कधी ऐकलंच नव्हतं, कमाल आहे माझी.

१९६९ चा जानेवारी, सास्काटूनमध्ये नर्सिंग असिस्टंट असलेल्या एका तरुण मुलीचा खून. हा सोळा वर्षांचा पोरगा मित्रमैत्रिणींबरोबर भटकत नेमका त्याच सकाळी तिथल्या एका मित्राकडे पोचलेला. झालं, लागला मागे ससेमिरा. सोबतच्यांच्या जबान्या पण पोलिसांनी दामटल्यावर फिरल्या, आणि बरोब्बर एका वर्षाने जन्मठेप. तेवीस वर्षं गेली हो आत!! सुटला १९९२ ला, पण निर्दोष ठरायला डीएनएसाठी १९९७ उजाडलं. आणि खरा खुनी लॅरी फिशर, तो त्याच मित्राच्या घरात तळघरात भाड्याने राहायचा. १९७० मध्येच दुसऱ्या बलात्कारांत पकडला गेलेला, तरी कोणी दोन टोकं जोडली नाहीत.

डेव्हिडची आई जॉइस मात्र हटली नाही, पंतप्रधान मलरोनी विनिपेगला आले तर त्यांना रस्त्यात गाठलं बाईने. नंतर एक कोटी डॉलर भरपाई मिळाली म्हणे. अशा केसेस परत तपासायला स्वतंत्र आयोगाचा कायदा मायलेकांच्या नावाने डिसेंबर २०२४ मध्ये झाला, तोवर दोघंही गेलेले.

एवढं ऐकून खाली बघते तर देठं डब्यात आणि पानं कचऱ्याच्या पिशवीत. वेचतेय आता परत.