ऑनलाइन बसून ताण जातो का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नात्यातल्या बायका विचारतात, थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या नव्या आया विचारतात: "रात्री मोबाइलवर तुमची ती पालकांची बैठक असते, त्यानं खरंच ताण जातो का हो?"

जात नाही. मुलगा सतरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, झोप त्याच्या मर्जीची. बैठक संपली तरी हे सगळं जिथल्या तिथं असतं. तरी मी बसते.

पुण्या-मुंबईत पालकांचे गट प्रत्यक्ष भरतात, चांगले भरतात. पण तालुक्याच्या गावाहून तिथं जायचं तर लेकराला ठेवायचं कुणाकडे? सासूबाईंना तो आता आवरत नाही. ज्या बाईला अशा तासाभराची सगळ्यात जास्त गरज, तिलाच उंबरा ओलांडता येत नाही. मोबाइलवर कॅमेरा बंद, माइक बंद, एका कानात इअरफोन, दुसरा कान घरात. मध्येच उठून गेलं तरी कुणी कारण विचारत नाही. सगळ्यांकडे तेच चाललेलं असतं.

व्यायामही शिकवतात. त्यातल्या निम्म्यांवर माझा राग आहे. "शांत जागी बसा, डोळे मिटा." मी डोळे मिटले की इकडे शेगडीचं बटण फिरलंच म्हणून समजा! मला उपयोगी पडलं ते उघड्या डोळ्यांचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ताणाच्या काळासाठी एक सचित्र पुस्तिका काढली, फुकट आणि ऑडिओसकट. तिच्यातला पहिलाच धडा पाय जमिनीवर टेकवून आजूबाजूला काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते टिपण्याचा. आमच्या समुपदेशक ताईंनी तो थेट स्वयंपाकघरात आणला. मिक्सर लागला, पोरगा कान दाबून किंचाळायला लागला, की मी मिक्सर बंद करते, ओट्याच्या कडेवर तळवा ठेवते, पायाखालच्या फरशीचा गारवा जाणवेपर्यंत थांबते, श्वास सावकाश सोडते आणि मग त्याच्याकडे वळते. तो लगेच शांत होतो असं मुळीच नाही. पण माझा आवाज चढत नाही, आणि तो चढला नाही की पुढचा गोंधळ लवकर आवरतो.

मूल दोन ते नऊ वर्षांचं असेल, तर याच संघटनेचं पालकांसाठीचं प्रशिक्षण बघा. मुळात नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी असा आराखडा आहे. २०२२ पासून ते ऑनलाइनही आहे. मुलाशी खेळावं कसं, बोलावं कसं याच्या जोडीनं पालकानं स्वतःला कसं सांभाळायचं, तेही त्यात आहे.

पण खरं सांगू? मला सगळ्यात मोकळं वाटलं ते श्वासाच्या व्यायामानं नव्हे, कागदांच्या यादीनं. "आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न रात्रभर डोक्यात घुमायचा. एका बैठकीत कुणाच्या तरी वडिलांनी समजावून सांगितलं: मूल अठराचं झालं की आईबापसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. त्याच न्यासाची, म्हणजे या कायद्यानं उभ्या केलेल्या सरकारी संस्थेची, 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. प्रश्न सुटला नाही, पण उद्या सकाळी कुठला कागद शोधायचा ते तरी कळलं. बाबालोक बहुतेक वेळा अशी माहिती विचारायलाच येतात. उत्तर मिळाल्यावरही लाइनवर राहतात, हे माझ्या लक्षात आलंय.

दोन गोष्टी मात्र बजावून ठेवते. जिथं कुणी "ऑटिझम हमखास बरा" म्हणत पावडर नाहीतर पॅकेज विकायला लागेल, तिथून निघा. आणि दिवसेंदिवस झोप नाही, जगणंच नको वाटतंय, असं झालं तर आमच्या बैठकीची वाट बघत बसू नका. मनाच्या त्रासात फोनवर मदत देणाऱ्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

बाकी यायचं असेल तर या. तुमचं लेकरू किती वाजता झोपतं, तेवढं आधी सांगा. एक बैठक रात्रीची असते, एक दुपारी, मुलं शाळेत असताना.