मनोरीची मर्यादवेल

मालाडहून बसने मार्वे, तिथून होडीने खाडी ओलांडली की मनोरी. सकाळ गावात हिंडण्यात गेली. बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या, कौलारू घरं, सगळं छान. पण लिहायचंय ते किनाऱ्यावर जे पाहिलं त्याबद्दल.

एका रिसॉर्टसमोर दोन माणसं रेतीवर पसरलेली हिरवीगार वेल उपटत होती. पाहुण्यांना ‘क्लीन बीच’ हवा म्हणे! जांभळट गुलाबी फुलांसकट ढीग लागला होता. मी एक फांदी उचलली. पान जाडसर, टोकाला खाच पडून दुभंगलेलं, अगदी आपट्याचं पान. तुटल्या देठातून पांढरा चीक येत होता. पेरापेराला मुळं फुटलेली आणि त्यांना ओली रेती घट्ट धरून होती.

जवळच जाळं सांधत बसलेल्या मावशी तडकल्या. “मर्यादवेल हाय ती! उधाणाचा दर्या तिच्यापातूर येतो नि मागं फिरतो. तिला कशाला उपटता?”

दर्याची मर्यादा सांगते ती मर्यादवेल. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर पोचतं, त्याच्या जरा वरच ती रुजते. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे. त्यातल्या ‘पेस-काप्रे’चा अर्थ शेळीचं पाऊल, तो पानाच्या आकारावरून. नावातला हा ‘पेस-काप्रे’ भाग वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली नोंदवला. मला मात्र आपलंच नाव जास्त पटतं, कारण त्यात वेलीचं काम आहे. वाऱ्याने उडणारी रेती तिच्या फांद्यांत अडकते. वेल गाडली गेली तरी वर येऊन पुन्हा मुळं सोडते. अशी रेती साठत जाऊन टेकाड तयार होतं आणि लाटांचा मारा त्यावर खर्ची पडतो. ही रताळ्याच्या कुळातली. बिया पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात, म्हणून उष्ण प्रदेशांत ती जगभर सापडते.

असली राखणदार उपटायची, मग किनारा खचतो म्हणून दगडी भिंती बांधायच्या! मी मॅनेजरला हे सगळं सांगितलं. “पाहुण्यांच्या पायात येतं हो,” एवढंच उत्तर. फार संताप आला.

मनोरीला मुक्काम करणार असाल तर खोलीचं भाडं विचारण्याआधी समोरची मर्यादवेल शाबूत आहे का ते विचारा. पाहुण्यांनी विचारलं तरच हे लोक ऐकतील. आणि फुलं बघायला सकाळीच जा, दुपारपर्यंत ती मिटतात.